दोन किल्ल्यांचे कुलूप

बँकेत असताना माझा दिवस स्ट्रॉंगरूमच्या दारापाशी सुरू होई. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही किल्ल्या फिरल्याखेरीज ते पोलादी दार उघडत नसे. नव्याने नोकरीला लागलेल्या पोरांना याचे हसू येई. "बँकेचा साहेबांवर विश्वास नाही, कॅशियरवरही नाही, मग आहे कुणावर?" असे एकाने मला विचारलेही होते. मी म्हणालो, "विश्वास दोघांवर आहे, एकट्यावर नाही." तेव्हा हे वाक्य मी सहज बोलून गेलो होतो. काही महिन्यांपूर्वी ते अगदी निराळ्या प्रसंगी आठवले.

ज्यांच्याकडे दुसरी किल्ली असे त्या हेड कॅशियरना सारी शाखा अण्णा म्हणे. निवृत्तीनंतरही आमचे जाणे-येणे राहिले. एका दुपारी अण्णा घरी आले ते रिपोर्टांची फाइल घेऊनच. प्रोस्टेटचा कर्करोग निघाला होता. फाइलमध्ये वर्तमानपत्राचे एक कात्रण होते : सोन्याचे सूक्ष्म कण आणि प्रकाश वापरून कर्करोगाची गाठ जाळता येणार, अशी बातमी. आणि त्याला टाचणीने लावलेले एका उपचार केंद्राचे गुळगुळीत रंगीत पत्रक. सोने आणि किरण, कापाकापी नाही, वेदना नाही, रक्कम मात्र आगाऊ.

"साहेब, तुम्हीच सांगा. मुदत ठेव मोडू का?" अण्णांनी विचारले.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत सह्या केल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण कागद पुढे आला की तो शेवटपर्यंत वाचायचा, ही सवय नोकरीने लावली. अण्णांना आठवडाभर थांबायला सांगितले, मिळेल ते वाचले आणि ओळखीच्या एका रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांकडे दोन संध्याकाळी जाऊन बसलो. त्यातून जे समजले ते इथे मांडतो आहे. असे कात्रण आणि असे पत्रक आज कुणाच्याही घरी येऊ शकते.

उष्णतेने दुखणे जाळायची कल्पना आपल्याला नवी नाही. लहानपणी पायात काटा मोडला की आजी बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरी आणि त्याचे गरम तेल नेमके काट्याच्या जागी टेकवी. हात स्थिर असला तर काम फत्ते. हात हलला की शेजारची कातडी उते आणि काट्यापेक्षा बिब्बा महाग पडे. उष्णतेच्या साऱ्या उपचारांची अडचण त्या बिब्ब्यातच आहे. पेशी मारायला फार उष्णता लागत नाही. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियस. ते ४२-४३ अंशांवर बराच वेळ राहिले तरी पेशी खचू लागतात आणि ६० अंशांच्या वर तर अंड्याचा पांढरा बलक गोठावा तशी त्यांतली प्रथिने काही क्षणांत गोठतात. प्रश्न जाळण्याचा नाही; जे जाळायचे तेवढेच जाळण्याचा आहे. गाठ पोटात खोल असेल आणि तिला चिकटून मज्जातंतू, मूत्रमार्ग, आतडे असेल, तर आजीचा हात कितीही स्थिर असून काय उपयोग?

इथे प्रकाश मदतीला येतो. अंधारात बॅटरी तळव्याला लावून पेटवण्याचा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. बोटे लालभडक दिसतात. निळा, हिरवा प्रकाश रक्तात अडकतो, तांबडा बराचसा पलीकडे येतो, म्हणून. तांबड्याच्याही पुढे, डोळ्यांना न दिसणारा जो अवरक्त प्रकाश आहे, त्यातला सुरुवातीचा पट्टा शरीरातून आणखी सहज जातो. अर्थात तोही फार तर काही सेंटिमीटर. गाठ त्याहून खोल असेल तर केसासारखी बारीक प्रकाशनळी आतपर्यंत न्यावी लागते. पण हा प्रकाश मांसातून सहज जातो याचाच दुसरा अर्थ असा, की वाटेत तो मांसाला फारसे तापवत नाही. निरोगी भागाच्या दृष्टीने हे चांगलेच, पण गाठही मग तितकीच थंड राहते.

उन्हात पांढरा आणि काळा असे दोन सदरे वाळत घातले तर काळा लवकर तापतो. म्हणजे गाठीत काहीतरी "काळे" नेऊन ठेवले, की प्रकाश तिथेच अडकेल आणि तिथेच तापेल. नुसते द्रव्य शरीरात फिरले तर त्याची उष्णता होत नाही. नुसता प्रकाश पडला तरी फारसे काही होत नाही. दोन्ही एका जागी, एका वेळी आले तरच दार उघडते. हे वाचले आणि मला आमची स्ट्रॉंगरूम आठवली.

हे काळे काम सोने करते, ही यातली गंमत. सोनेतारण कर्जासाठी सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढी, तेव्हा त्या पिवळ्या रेघेवर आमची भिस्त असे. पण सोने पिवळे असते ते आपल्या डोळ्यांना दिसेल एवढे मोठे असेपर्यंतच. त्याचे अतिसूक्ष्म कण केले की रंग पालटतो. मायकेल फॅरेडे याने १८५७ साली लंडनमध्ये सोन्याचे कण पाण्यात तरंगत ठेवून माणकासारखे लाल द्रावण केले होते. त्याच्याही दीड हजार वर्षे आधीचा लायकर्गस नावाचा एक रोमन काचेचा पेला ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर समोरून प्रकाश पडला तर तो हिरवा दिसतो आणि आतून पडला तर लाल. कारण एकच, काचेत मिसळलेले सोन्याचांदीचे सूक्ष्म कण. कणाचा आकार आणि घडण बदलली की तो कोणता प्रकाश गिळणार हे बदलते.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नेओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटांनी या गुणाचा उपयोग करून घेतला. वाळूत असते त्या सिलिकाची बारीक गोळी आणि तिच्यावर सोन्याचा पातळ मुलामा. मुलाम्याची जाडी बदलून हे कण नेमका शरीरातून पार जाणारा अवरक्त प्रकाश गिळतील असे केले. २००३ साली त्यांनी उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कण भरलेल्या गाठींचे तापमान चार ते सहा मिनिटांत सरासरी ३७ अंशांनी चढले. कण नसलेल्या गाठींवर तोच प्रकाश टाकला, तर वाढ दहा अंशांच्या आतच राहिली. दोन किल्ल्या आणि एक किल्ली यांतला फरक इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच दिसतो.

पण त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट होती आणि माझ्या मते महत्त्वाची तीच. हे सारे एमआरआय यंत्राच्या नजरेखाली झाले. शरीरातल्या पाण्याचा एमआरआयला मिळणारा संकेत तापमानाबरोबर किंचित सरकतो. त्यावरून आत कुठे किती ऊब चढली हे न टोचता, न कापता चित्रात दिसते. मेंदूतल्या काही गाठींवर आणि अपस्मारावर लेसरने उष्णता देण्याचा उपचार आज रुग्णालयांत होतो, तोही याच नजरेखाली. तिथे सोने वगैरे काही नसते.

"कॉन्ट्रास्ट" हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. पोटाच्या एक्स-रेआधी बेरियमचे पांढरे पाणी प्यायलेले आपल्यापैकी कितीतरी जण असतील. सीटी स्कॅनच्या वेळी "डाय टाकला" असे आपण म्हणतो. या द्रव्यांचे काम आतले उठून दिसावे एवढेच. आता ज्या द्रव्यांवर संशोधन चालले आहे त्यांच्याकडून दुहेरी चाकरीची अपेक्षा आहे : आधी गाठ दाखवायची, मग तीच जागा तापवायची. जे प्रकाश गिळते तेच दिसूही शकते. सकाळचे ऊन चढू लागले की पत्र्याचे छप्पर कडकड वाजते. तापले की पत्रा पसरतो, पसरताना आवाज करतो. प्रकाशाने वस्तूतून असा आवाज काढता येतो हे अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८० मध्येच दाखवले होते. गाठीत जमलेल्या द्रव्यावर प्रकाशाचे क्षणिक ठोके दिले, तर ते असाच बारीक आवाज करते आणि सोनोग्राफीसारख्या यंत्राने तो ऐकून चित्र काढता येते. द्रव्य कुठे पोचले, कुठे पोचले नाही, हे मोठा प्रकाश सोडण्याच्या आधी कळते. ठिणगी पाडण्यापूर्वी घरात कोण आहे ते पाहून घेण्यासारखेच हे आहे.

सगळी द्रव्ये सोन्याचीच असतात असेही नाही. इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग अमेरिकेत १९५९ पासून मान्यताप्राप्त आहे. डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहायला डॉक्टर तो वापरतात. तो अवरक्त प्रकाशात चमकतो आणि तापतोही. गाठीत हा रंग सोडून लेसरने ती तापवण्याचे प्राण्यांवरचे प्रयोग १९९० च्या दशकातच झाले. त्याचा मोठा गुण असा, की यकृत त्याला काही मिनिटांतच रक्तातून उचलून पित्तावाटे बाहेर टाकते. पण दोषही त्यातच आहे. गाठीत तो पुरेसा टिकत नाही आणि प्रकाशाखाली विटत जातो. सोने विटत नाही, टिकते. मात्र निघायचे नाव घेत नाही.

आता हिशेबाकडे येतो. शिरेतून टोचलेले कण गाठीपर्यंत किती पोचतात? कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा ताळा २०१६ साली मांडला. मधला आकडा निघाला ०.७ टक्के. शंभर रुपये पाठवले, लाभार्थीच्या हातात सत्तर पैसे पडले! सरकारी रुपयातले पंधरा पैसेच गरिबापर्यंत पोचतात हे राजीव गांधींचे विधान आमच्या पिढीला पाठ आहे. इथे तर त्याहूनही मोठी गळती. उरलेला माल जातो कुठे? बराचसा यकृतात आणि प्लीहेत. हिशेबात न बसणारी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकत असू आणि ऑडिटरचा पहिला प्रश्न नेहमी असे, "हे खाते कधी मोकळे करणार?" शरीरालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

हा प्रश्न न विचारल्याची शिक्षा वैद्यकाने एकदा भोगली आहे. १९३० आणि १९४० च्या दशकांत थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य जगभर वापरात होते. थोरियमच्या ऑक्साइडचे ते द्रावण टोचले की एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या अतिशय सुरेख दिसत. रुग्णाला त्या वेळी त्रासही होत नसे. पण थोरियम किरणोत्सारी, आणि शरीर ते बाहेर टाकूच शकत नव्हते. यकृतात, प्लीहेत, हाडांच्या मगजात ते जन्मभर बसून राहिले. वीस-तीस वर्षांनी यकृताचे कर्करोग दिसू लागले, तेव्हा त्या सुरेख चित्रांची किंमत कळली. अलीकडचे उदाहरण एमआरआयमधल्या गॅडोलिनियमचे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांत त्वचा आणि सांधे आखडवणारा आजार त्याच्याशी निगडित असल्याचे २००६ मध्ये ध्यानात आले. कमी स्थिर असलेल्या काही गॅडोलिनियम द्रव्यांवर युरोपात २०१७ साली निर्बंध आले. म्हणूनच कॉन्ट्रास्ट देण्याआधी डॉक्टर क्रिएटिनिन तपासायला सांगतात. याचा अर्थ एमआरआयला घाबरावे असा नव्हे. वैद्यक चुका नोंदवते आणि खाते सुधारते, एवढाच घ्यावा.

या दिशेचे एक उल्लेखनीय काम आपल्या मुंबईचे आहे, हे वाचून मला अभिमान वाटला. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्राची खारघरची संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्निग्ध द्रव्याच्या सूक्ष्म पिशवीवर त्यांनी सोन्याचा थर चढवला. प्रकाशात तो तापतो, गाठ मारतो आणि काम झाल्यावर पिशवी मोडून सोन्याचे अगदी बारीक तुकडे होतात. ते यकृत आणि मूत्रपिंडांच्या वाटेने बाहेर पडतात. आत येताना मोठे, बाहेर जाताना लहान! खाते उघडतानाच बंद करायची तरतूद केलेली. मात्र हा प्रयोग उंदरांवरचा आहे, हे त्याच दमात सांगायला हवे.

मग माणसांवर काय झाले? अण्णांच्या कात्रणाचे मूळ मला सापडले. २०१९ साली अमेरिकेतून १६ पुरुषांवरच्या चाचणीचा अहवाल आला होता. सगळ्यांचा प्रोस्टेटचा कर्करोग सौम्य किंवा मध्यम, आणि ग्रंथीपुरताच मर्यादित. सुमारे १५० नॅनोमीटरचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचशेव्या हिश्शाएवढे, सोन्याच्या मुलाम्याचे कण आधी शिरेतून दिले. नंतर एमआरआयचे चित्र सोनोग्राफीवर बसवून लेसरची नळी गाठीपर्यंत नेली. १६ पैकी १५ जणांचा उपचार पार पडला. वर्षभरानंतर १३ जणांच्या उपचार केलेल्या जागी कर्करोग आढळला नाही. लघवीच्या आणि लैंगिक तक्रारींत लक्षणीय वाढ झाली नाही. फार आशा वाटावी असा हा निकाल आहे. पण सोळा म्हणजे सोळा. सोळा कर्जदारांनी हप्ते वेळेवर भरले म्हणून कुठलीही बँक सगळ्या शाखांना नवी योजना लागू करत नाही.

बातमी खोटी नव्हती. खोटे होते ते पत्रक. आशा खरी असते तेव्हाच तिची नक्कल बाजारात येते. नकली नोटही खऱ्या नोटेचीच निघते. पुढच्या आठवड्यात अण्णा आले, तेव्हा पैसे काढायच्या एका जुन्या स्लिपच्या पाठीमागे मी त्यांना चार प्रश्न लिहून दिले. हा उपचार माझ्याच आजाराच्या किती माणसांवर झाला आणि त्याचा अहवाल कुठे आहे? टोचलेले द्रव्य गाठीत पोचले हे किरण सोडण्यापूर्वी मला कशात दाखवणार, आणि आतली उष्णता कशाने मोजणार? ते द्रव्य शरीरातून कोणत्या वाटेने, किती दिवसांत बाहेर जाणार? आणि हा प्रयोग असेल, तर त्याचा नोंदणी क्रमांक काय?

हा चौथा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावा. आपल्या देशात २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद "क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया" या सरकारी नोंदवहीत करावी लागते आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून संशोधनाचा खर्च घेऊ नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तेव्हा प्रयोगाच्या नावाने आगाऊ पैसे मागणारा माणूस दिसला, की पिशवी उचलून घरी यावे.

यात जबाबदारी एकट्या रुग्णाची नाही. आम्ही लिहिणाऱ्यांनी उंदरावरचा प्रयोग असेल तर "उंदीर" हा शब्द मथळ्यात छापावा, शेवटच्या परिच्छेदात दडवू नये. मोठ्या कर्करोग रुग्णालयांनी नव्या उपचारांबद्दल सोप्या मराठीत एक पान काढून ते बाहेरच्या बाकांवर बसलेल्या नातेवाइकांच्या हाती द्यावे. आणि सरकारने मुंबईत झालेल्या कामासारखे काम उंदरांपाशी थांबू न देता, ते चाचण्यांतून माणसांपर्यंत नेण्याचा खर्च उचलावा. नाहीतर खऱ्या संशोधनाची जागा रंगीत पत्रके घेतील. मुदत ठेव मोडली तर थोडे व्याज बुडते. बऱ्या होण्याजोग्या कर्करोगाची वेळ अशा केंद्रात वाया गेली, तर ती कुठल्याही व्याजाने परत मिळत नाही.

अण्णांनी ती स्लिप केंद्राला दाखवली. फोनवर गोड बोलणे झाले, लेखी उत्तर आले नाही. मग ते कर्करोग रुग्णालयात गेले आणि तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने रेडिएशनचे उपचार पुरे केले. तब्येत बरी आहे. तपासण्या चालू आहेत, आणि त्या पुढेही चालूच राहतील. ठेव अजून मोडलेली नाही.

परवा भेटले तेव्हा ते कात्रण अजून त्यांच्या पाकिटात होते. म्हणाले, "साहेब, माझं झालं. पण मुलगा आहे, नातू आहे. ते सोन्याचं खरंच कधी येईल का हो?"

कर्जाचा अर्ज घेऊन आलेल्या माणसाला मी आयुष्यभर जे सांगत आलो तेच सांगितले, "येईल अण्णा. कागद पुरे झाले की येईल."

अण्णा हसले आणि कात्रण घडी करून पुन्हा पाकिटात ठेवले.